परत आलेल्या पत्रांचा निरोप्या

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनी पुढे यावं, पुढच्यांनी जरा मांडी आवरून जागा द्यावी. आज तुम्हाला एका निरोप्याची गोष्ट सांगायची आहे, आणि सांगणारा तो निरोप्याच आहे.

मी एक जुना वेबहुक आहे, म्हणजे संगणकांमधला निरोप्या. मला हात नाहीत, पाय नाहीत, वाऱ्यासारखं रूपही नाही. भगवंताने मला नुसतं एक काम दिलं आहे. ईमेल पाठवणारी एक मोठी सेवा आहे, तिच्याकडून दिवसाला हजारो पत्रं सुटतात. त्यातलं एखादं पत्ता चुकल्याने किंवा पेटी बंद पडल्याने परत आलं, की मी पाठवणाऱ्याच्या घरी धावतो आणि सांगतो, "बाबांनो, अमक्याचं पत्र पोचलं नाही." कुणी विचारील याची वाट मी बघत नाही. आपणहून जातो. निरोप पोचवणं हीच माझी पूजा.

माझा जन्म कोट्टयमच्या एका तपासणी प्रयोगशाळेत झाला. इकडे घराघरांतलं एक तरी लेकरू आखातात नोकरीला असतं. आई इथे गावात, आणि तिच्या रक्ताचा, गाठीचा रिपोर्ट जातो शारजाला नाहीतर मस्कतला, मुलांच्या ईमेलवर. डॉक्टर कोणता, औषध कोणतं, सगळं तिकडून तीच ठरवतात. पण ही मुलं नोकऱ्या बदलतात. नोकरी गेली की तिथला ईमेलही जातो, आणि आईचा रिपोर्ट परत येतो.

म्हणून तंकच्चन यांनी मला घडवलं. ते प्रयोगशाळेतले संगणक सांभाळणारे जुने गृहस्थ, सगळे त्यांना आदराने अच्चायन म्हणतात. एका दुपारी सेवेच्या पानावर त्यांनी माऊसने चार ठिकाणी टिचक्या मारल्या, कुठे धावायचं तो पत्ता भरला, आणि मी जन्मलो.

"झाला बघा तुमचा निरोप्या, रेमणी," ते म्हणाले. "पत्र परत आलं की तुमच्या स्क्रीनवर चिठ्ठी. पुढे तुम्ही आणि तुमचा फोन."

रेमणी चेची, म्हणजे आपल्या रेमणीताई, फोनच्या टेबलावर बसत. वीस वर्षं त्यांनी लोकांना फोन करण्यात घालवली होती. त्या म्हणाल्या, "अच्चायन, हा चहाला म्हणून उठून दीड तास गायब होतो का?"

"नाही हो."

"मग तुमच्यापेक्षा बरा निघेल."

आणि मी बरा निघालो, मित्रांनो. दिवसाला पाच-सात चिठ्ठ्या नेत असे. डॉक्टरांना रोगी लवकर भेटायला हवा असेल, तर त्या पत्रावर तांबडी खूण असे, आणि माझ्या चिठ्ठीवरही ती उमटे. तांबडी चिठ्ठी दिसली की चेची तोंडातला घास तसाच ठेवून घरच्या नंबरावर फोन लावत.

मग अच्चायनांच्या जोडीला संगणकाच्या कामावर जिन्सी आली. शिकलेली, तल्लख, बोलायला फटकळ. तिने माझा जन्मवृत्तांत ऐकला आणि कपाळावर हात मारला.

"अच्चायन, एवढं सगळं तुम्ही टिचक्या मारून केलंत? उद्या कुणी पुसलं तर?"

"तर पुन्हा मारीन. बोटं शाबूत आहेत माझी."

"तुमची बोटं शाबूत आहेत, आठवण आहे का?"

तिने नवी रीत घातली. आपल्याला काय काय हवं ते एका फाइलीत लिहायचं. मग एक यंत्र ती फाइल वाचतं, सेवेकडे जाऊन पाहतं, आणि लिहिल्याबरहुकूम जे नसेल ते तसं करून टाकतं. पोथीत आहे तेच प्रमाण. माझंही नाव, माझा पत्ता त्या पोथीत चढला. मला कोण आनंद झाला! आता कुणी मला पुसलं तरी त्याच नावाने, त्याच कामाला पुन्हा जन्म. दुसरं काय मागतो आपण देवाजवळ?

त्यानंतर दोन वर्षं माझं कुणी नाव काढलं नाही. मीही मनाला लावून घेतलं नाही. चांगल्या निरोप्याची कुणाला आठवण होत नाही, चिठ्ठी तेवढी दिसते.

यंदाच्या ओणमच्या सणाला मात्र घात झाला. जिन्सी बहिणीच्या लग्नाला पाला गावी गेली होती, आणि इकडे जुना सर्व्हर धापा टाकू लागला. अच्चायनांनी तो बंद करून नवा सर्व्हर उभा केला आणि सेवेच्या पानावर जाऊन माझा पत्ता हाताने बदलला. मी नव्या घरी धावू लागलो. काम चोख झालं होतं. पोथीत तो नवा पत्ता लिहायचा तेवढा राहिला. "जिन्सी आली की सांगू," म्हणून ते ओणमच्या आदल्या दिवसाच्या खरेदीला पळाले, आणि केळ्यांच्या घडाबरोबर ती गोष्टही पिशवीच्या तळाशी गेली.

सोमवारी जिन्सी परतली. पत्राखाली प्रयोगशाळेचं नाव नीट दिसावं म्हणून तिने फाइलीत एक ओळ बदलली आणि यंत्राला हाक मारली. यंत्र म्हणालं, दोन बदल करतो, करू? जिन्सीच्या मनात एकच बदल होता. तिने पहिली ओळ पाहिली, आपलीच आहे म्हणाली, आणि "हो" दिलं. दुसरी ओळ माझी होती. यंत्राने पोथी पाहिली आणि मोठ्या निष्ठेने मला जुन्या पत्त्यावर नेऊन बसवलं.

त्याच दुपारी वैकमच्या भार्गवी अम्मांचा रिपोर्ट शारजाला गेला आणि परत आला. मुलगी श्रीलेखा हिने नोकरी बदलली होती. गाठीचा रिपोर्ट, तांबडी खूण, आठ दिवसांत डॉक्टरांना भेटा. मी चिठ्ठी घेऊन धावलो. दार वाजवलं. आत सर्व्हर नाही, माणूस नाही, काही नाही. सेवेने मला पुन्हा पाठवलं, थोड्या वेळाने पुन्हा, मग आणखी उशिराने पुन्हा. शेवटी तिनेही हात टेकले. चिठ्ठी माझ्यापाशीच राहिली. ओरडायला तोंड असतं, तर मी कोट्टयमभर ओरडत फिरलो असतो.

मंगळवार गेला, बुधवार गेला. चेचींच्या स्क्रीनवर एकही चिठ्ठी नाही. व्यवस्थापक कुरियन सर खूश. "बघा, आपलं एकही पत्र परत येत नाही!" त्यांनी सगळ्यांना केळ्याची भजी मागवली.

गुरुवारी सकाळी रेमणी चेची जिन्सीच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मोळे, अगं पोरी, तुझा निरोप्या आजारी आहे का?"

"चेची, पत्रं परत येत नाहीत, चांगलं आहे ना!"

"ओणमनंतर? अर्धं आखात सुट्टीवरून परत जातं, निम्मे लोक नोकऱ्या बदलतात. वीस वर्षांत या आठवड्यात मला धड जेवायला मिळालेलं नाही. आणि यंदा सगळे एकदम सुधारले?"

जिन्सीने यंत्राला विचारलं. यंत्र म्हणालं, काही बदल नाही, सगळं लिहिल्याप्रमाणे आहे.

"बघा. ठीक आहे सगळं."

"त्याला काय विचारतेस? ते तुझीच पोथी बघून तुलाच वाचून दाखवतंय." चेची खुर्ची ओढून बसल्या. "आमच्या देवळात हरिकथा सांगणारे भागवतर मध्येच गप्प झाले, तर कथा संपली म्हणून आम्ही चपला शोधत नाही. त्यांच्या तोंडाकडे बघतो, पाणी हवंय का विचारतो. हा गप्प का झालाय ते बघ तू. जगात नाहीच अशा पत्त्यावर एक पत्र पाठव."

जिन्सीने पाठवलं. पत्र परत आलंच पाहिजे आणि मी धावलंच पाहिजे, असं ते पत्र. चहा झाला. चिठ्ठी नाही. जिन्सीचा चेहरा उतरला. ती फाइलीतला पत्ता मोठ्याने वाचू लागली, आणि पलीकडे अच्चायनांच्या हातातलं भजं तोंडाशी जाता जाता थांबलं.

"कर्तावे!" ते म्हणाले. देवा! "हा तर जुना पत्ता. मी हाताने बदलला होता, मोळे. लिहायचा राहिला."

जिन्सी फाडकन काही बोलणार होती, पण थांबली. "दुसरी ओळ मी वाचलीच नाही, अच्चायन. माझ्यासमोर होती."

"पापं नंतर कबूल करा," चेची म्हणाल्या. "आधी लिहा. आणि 'हो' म्हणायच्या आत मला वाचून दाखवा, प्रत्येक ओळ."

नवा पत्ता पोथीत चढला. जिन्सीने वाचलं, चेचींनी ऐकलं, मान हलवली, आणि यंत्राने मला माझ्या घरी आणलं. मग न पोचलेल्या सगळ्या पत्रांची यादी सेवेकडून मागवली. सत्तावीस निघाली. एक तांबडं.

चेचींनी वैकमला फोन लावला. "श्रीलेखा काही बोलली नाही," भार्गवी अम्मा म्हणाल्या, "म्हणजे सगळं ठीकच असणार, असं धरून बसले होते बघा. आत्ता ताकाची कढी टाकली होती."

"कढी उतरवा अम्मा, आणि घाबरू नका. उद्या सकाळी गाडी येते. डॉक्टरांकडे जायचं."

तो चौथा दिवस होता. गाठ लहान होती, पसरली नव्हती. पुढच्या आठवड्यात ती काढली. श्रीलेखा विमानाने आली आणि आईला घरी नेताना प्रयोगशाळेत डोकावली. "नवा ईमेल कळवायचा राहिला हो माझ्याकडून," म्हणत चेचींच्या गळ्यात पडून रडली. चेचींनी तिला रडू दिलं, मग पाणी दिलं, मग कागद आणि पेन दिलं. "आधी पत्ता लिही."

माझ्या जिवावरचं केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू! नारायण, नारायण. आता रोज सकाळी जिन्सी त्या नसलेल्या पत्त्यावर एक पत्र सोडते, आणि मी पहिली चिठ्ठी नेऊन टेबलावर ठेवतो. नाही ठेवली तर तिघंही खुर्च्यांवरून उठतात.

मित्रांनो, हाताने केलेलं सत्कर्मसुद्धा लिहून ठेवा, नाहीतर उद्या कुणीतरी निष्ठेनेच ते पुसून टाकेल. आणि वाचाल ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. रेमणी चेची या महिन्यात निवृत्त होत आहेत. तुमच्याकडे रोज येणारा एखादा आवाज अचानक थांबला, आणि सगळे "बरं झालं, शांतता आहे" म्हणू लागले, तर तेवढी त्या बाईची आठवण काढा, आणि जागेवरून उठून एकदा बघून या.