लाभ, दोन, तीन

गेली बावीस वर्षं मी युद्धावर आहे. गोळी न झाडता गेलेला रविवार मला आठवत नाही, आणि त्यातली एखादी कुणाला लागल्याचंही फारसं आठवत नाही.

सुरुवात सात रस्त्याजवळच्या एका सायबर कॅफेत झाली. तिथले खेळ पोरकट होते. शंभर गोळ्या खाऊन माणूस पुन्हा पळत सुटायचा. पुढे मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवू लागलो आणि मला वास्तवाची गोडी लागली. मग खऱ्या लष्करी शिस्तीचा खेळ सापडला. त्यात एका गोळीत माणूस संपतो. पाठीवर ओझं जास्त झालं की धाप लागते. शत्रू दिसायला चाळीस मिनिटं चालावं लागतं, आणि पुष्कळदा तो दिसतच नाही.

"पैसे भरून चालता?" बायको म्हणाली होती. "आणि तेही खुर्चीत बसून. बाहेर चाला की, डॉक्टरांना तरी बरं वाटेल."

आम्ही चौघं होतो. अमरेश अक्कलकोटचा, कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, सर्व्हर त्याच्याकडे. त्यानं सांगोल्याकडचा माळ खेळात जसाच्या तसा उभा केला होता. बाभळी, डाळिंबाच्या बागा, कोरडा ओढा, अगदी पाण्याचा टँकरसुद्धा. पंचाक्षरी औषधांच्या दुकानात बसतो. शिवानंद मूळचा माढ्याचा, बियाण्यांच्या दुकानात कामाला. नेम सगळ्यांत चांगला त्याचा. आणि मी तुकडीप्रमुख, कारण नियम मी लिहिले होते.

नियम साधे होते. परतताना ट्रक हलण्याआधी मोजणी. प्रत्येकानं वायरलेसवर आपला क्रमांक सांगायचा. तीनदा पुकारूनही उत्तर आलं नाही, तर माणूस मृत धरायचा आणि निघायचं. हे मी टाइप करून, लॅमिनेशन करून चौघांना वाटलं होतं. वर्गात मुलं ऐकत नसली की माणूस असं काहीतरी करतो.

शिवानंदचा क्रमांक एक. पण तो 'एक' म्हणायचा नाही, 'लाभ' म्हणायचा.

"शिवानंद, हे लष्कर आहे. आडत दुकान नाही."

"सर, धान्य मापताना पैल्या मापाला कुणी एक म्हणतंय व्हय? लाभ म्हणायचं. रास पुरती मग."

"इथं आपण माणसं मोजतोय."

"मग तर लाभच म्हणाय पायजे की!"

पंधरा वर्षं आमची मोजणी अशीच झाली. लाभ, दोन, तीन, आणि शेवटी मी, चार.

गेल्या मार्चमधल्या एका रविवारी दुपारी तीन वाजता आम्ही ओढ्याच्या काठावरून परतत होतो. शिवानंदचा सैनिक मागे बाभळीखाली उभा होता. मी मोजणी पुकारली. लाभ आलं नाही. पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदाही पुकारलं.

"लाइट गेली असंल त्याची," अमरेश म्हणाला. "फोन लावू का, सर?"

"रणांगणात फोन लावतात का?" मी म्हणालो. "नियम आहे. मृत धरा. एक जागा मोकळी झाली, पाय पसरून बसा."

पंचाक्षरी हसला. ट्रक निघाला.

सहा वाजता शिवानंदची बायको राजनंदिनी माढ्याहून परतली. तो खुर्चीतच होता, कानांवर हेडफोन. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. डॉक्टर म्हणाले, त्यानंतर अर्धा-पाऊण तास जीव असावा. वाचा गेली असणार. ऐकू येत असेल की नाही, सांगता येत नाही.

तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. ऐकू येत होतं की नव्हतं?

तेराव्याला राजनंदिनीनं मला गाठलं. "सर, तवा तुमीच बोलत हुता न्हवं त्यांच्याशी? शेवटी काय म्हणाला त्यास्नी?"

"चांगला खेळलास म्हणालो," मी म्हणालो.

आमच्या सर्व्हरवर खेळाडू बाहेर पडला तरी त्याचा सैनिक होता तिथेच उभा राहतो. पुढच्या रविवारी शिवानंदचा सैनिक बाभळीखालीच होता, बंदूक खाली धरून. त्याला पुसून टाकायला कुणाचा हात धजला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तो पन्नास पावलं अलीकडे, गाडीवाटेवर होता.

"धक्का लागला असंल," पंचाक्षरी म्हणाला.

"कशाचा?"

आम्ही तिघंही डाळिंबाच्या बागेपलीकडे होतो.

चौथ्या रविवारी तो ट्रकमध्ये बसलेला होता. मागे, उजव्या कोपऱ्यात, त्याच्या नेहमीच्या जागेवर. बाहेर टळटळीत ऊन. शेजारच्या घरी कुणीतरी शेंगाची चटणी कुटत होतं. उखळाचा आवाज हेडफोनमधूनही येत होता. अमरेश स्टिअरिंगवर बसला, पंचाक्षरी त्याच्या शेजारी. मी खाली उभा होतो. प्रमुखानं शेवटी चढायचं, हाही माझाच नियम. सवयीनं मी मोजणी पुकारली आणि जीभ चावली.

"लाभ," आवाज आला. सावकाश, तळहातानं माप सपाट करताना म्हणावं तसा.

"दोन," अमरेश म्हणाला.

"तीन."

"चार," मी म्हणालो.

"चार?" अमरेशनं विचारलं. "सर, चार?"

"चार! आहे मी!"

"सर?" आता पंचाक्षरी. "बोला की."

मी ओरडलो. माइकचा हिरवा दिवा लागलेला होता. उखळाचा आवाज थांबला, म्हणजे शेजारपर्यंत माझं ओरडणं पोचलं होतं. ट्रकपर्यंत पोचत नव्हतं.

"तीनदा झालं," पंचाक्षरी म्हणाला. "नियम सरांचाच हाय. मृत धर. पाय पसरून बसू आता."

अमरेश हसला. ट्रक निघाला. मी पळालो, पण पाठीवरच्या ओझ्यानं माझ्या सैनिकाला धाप लागली. पंधरा वर्षं मी याच वास्तवाचं कौतुक करत आलो होतो. धूळ उडत होती. त्या दोघांच्या चहाच्या गप्पा, पंचाक्षरीचं जांभई देणं, सगळं माझ्या कानाशी बोलल्यासारखं स्पष्ट होतं.

मग तो सावकाश आवाज पुन्हा आला.

"थांबा. मोजणी पुरी न्हाय झाली."

ट्रक थांबला.

"सर," आवाज म्हणाला, "हितनं समदं ऐकू येतं."

मी हेडफोन काढला. फोन वाजत होता. अमरेश.

"सर, हाय कुटं तुमी? ट्रक आपोआप बंद पडला."

"तो काय म्हणाला, ऐकलंस?"

"कोण?"

"लाभ कोण म्हणालं मग?"

"तुमीच की," अमरेश म्हणाला. "तुमच्याच माइकवरनं आलं. आमाला वाटलं, शिवानंदच्या आठवणीनं म्हणाला. त्याच्यानंतर तुमी बोललाच न्हाई."

मी स्कूटर काढली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शिवानंदच्या घरी राजनंदिनी पुढच्या खोलीत माढ्याहून आलेला शाळू मापून डब्यात भरत होती. मापताना मध्ये बोलायचं नसतं, म्हणून मी उंबऱ्याशी उभा राहिलो. अकरा मापं झाल्यावर तिनं वर पाहिलं.

"त्या दिवशी मी खोटं बोललो," मी म्हणालो. मग खरं वाक्य सांगितलं, पाय पसरून बसण्यासकट. वर्गात पंचेचाळीस मिनिटं बोलणाऱ्या माणसाला ते एक वाक्य फार लांब वाटलं.

तिनं हातातलं माप खाली ठेवलं.

"ऐकलं आसंल का त्यांनी?"

"ऐकलं," मी म्हणालो.

कसं कळलं, हे तिनं विचारलं नाही. डबा उचलून तिनं सगळा शाळू पुन्हा पोत्यात ओतला, खाली बसली आणि पहिलं माप भरलं.

"लाभ," ती म्हणाली. "दोन. तीन."

चौथं माप तिनं भरलं, सपाट केलं आणि तसंच धरून माझ्याकडे पाहत राहिली.

आवाज बाहेर पडेल याची मला मुळीच खात्री नव्हती.

"चार," मी म्हणालो.

तिनं माप डब्यात ओतलं.