भूल चढेपर्यंत

दातांच्या दवाखान्यात काउंटर सांभाळणारी पोरगी इंग्रजी साहित्यात एम.ए. करत होती, आणि सगळं घोडं अडलं होतं एका सेमिनारवर. वर्गासमोर उभं राहून एका कादंबरीवर बोलायचं, एवढंच. दोनदा ती उभी राहिली आणि दोन्ही वेळा पहिल्याच वाक्याला खाली बसली. कारण मॅडम. दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देणं मॅडमना जन्मात जमलं नव्हतं. आधी उच्चार, मग व्याकरण, मग "याला आधार काय?" तोवर पोरीची जीभ टाळूला चिकटलेली. सोमवारी शेवटची संधी होती. ती हुकली की वर्ष बुडालं.

"इंग्रजीत एमे करून काय, लोकांचे दात इंग्रजीत मोजणार का?" तिचा मामा विचारायचा. टोमण्याला कर लागत नाही, म्हणून या एका बाबतीत त्याचा हात सढळ होता.

आता दवाखान्याची रीत अशी, की डॉक्टर भुलीचं इंजेक्शन द्यायचे आणि पेशंटला बाहेर बाकावर आणून बसवायचे. भूल चढेपर्यंत माणूस मुकाट. असे श्रोते शोधून सापडायचे नाहीत, हे पोरीने बरोबर हेरलं. कान शाबूत, तोंड बंद, आणि उठून जायची सोय नाही. ती त्यांच्यापुढे सेमिनारचा सराव करू लागली. निम्म्यांना इंग्रजीचं ओ की ठो कळत नसे, पण मान सगळेच डोलवत. दाढ काढून झाल्यावर एक आजोबा तर पुन्हा बाकावर येऊन बसले. तोंडातला कापूस गालात सारून म्हणाले, "त्या गोष्टीतल्या बाईचं पुढं काय झालं ते आपल्या भाषेत सांग. मग जातो."

शुक्रवारी गाल धरून मॅडम आल्या. पोरगी काउंटरखाली काहीतरी शोधू लागली, ते त्यांना आत नेईपर्यंत शोधतच राहिली.

थोड्या वेळाने डॉक्टरांनी त्यांना बाकावर आणून बसवलं. "आता बोलू नका बरं का. गाल चावला जाईल."

पोरीने हळूच डोकं वर काढलं. मॅडमचा अर्धा ओठ लोंबत होता.

"मॅडम, सोमवारचं जरा ऐकता?"

आणि तिने सुरुवात केली. कादंबरीची नायिका प्रियकराचं पत्र न उघडताच जाळते. टीकाकार त्याला तिचा ताठा म्हणतात. पोरीचं म्हणणं वेगळं होतं. तो मजकूर तिने त्याच्या चेहऱ्यावर आधीच वाचला होता. कागद उघडायचं कारणच उरलं नव्हतं.

मॅडमचं बोट वर झालं. "आ... आधा..." ओठ ऐकेना. बोट खाली आलं.

पोरगी पुढे गेली. चेहरा कुठल्या प्रसंगात दिसला, तो कसा पडला होता, सगळा आधार ओळीने येत गेला. विचारायला कुणी नव्हतं म्हणून आपोआपच आला.

"चला, बाई," डॉक्टर दारात येऊन म्हणाले. मॅडमनी त्यांच्याकडे न बघताच हाताने थांबवलं. शेवट झाल्यावरच त्या उठल्या.

दाढ काढून जाताना, तोंडात कापूस धरूनच, त्यांनी काउंटरवर बोट वाजवलं. "शो... शोमवाली," म्हणाल्या.

सोमवारी पोरगी उभी राहिली. पहिल्या वाक्यातच एक उच्चार घसरला. सगळा वर्ग मॅडमकडे बघू लागला. मॅडमचं तोंड उघडलं, हात गालाकडे गेला, आणि तोंड पुन्हा मिटलं.

पोरगी दुसऱ्या वाक्याला लागली.