चेहऱ्याच्या बंदोबस्तावर असलेला स्कार्फ

विषय : प्रौढ वयात चेहऱ्यावर येणारी मुरुमं, त्यांवर केलेले उपाय आणि त्या उपायांवर करावे लागलेले उपाय.

संदर्भ : शिरूर येथील एक चेहरा, वय वर्षे सव्वीस व पुढे.

महोदय,

उपरोक्त विषयाबाबत मी, एक सुती स्कार्फ, माझं म्हणणं सादर करतो. या प्रकरणात शेजाऱ्यांचं मत घेतलं गेलं, मेडिकलवाल्याचं घेतलं गेलं, डॉक्टरांचं आणि साहेबांचंही घेतलं गेलं. त्या चेहऱ्याला ज्यानं सगळ्यात जवळून पाहिलं, त्याला मात्र कुणी विचारलं नाही. कापडाला काय विचारायचं!

माझा जन्म इचलकरंजीच्या एका मागावर झाला. रंग गर्द निळा. शिरूरच्या आठवडे बाजारात मला एका दोरीवर टांगून ठेवलं होतं, तिथून दीक्षानं मला उचललं. त्या वर्षांत स्कूटीवर बसणारी प्रत्येक मुलगी तोंडाला स्कार्फ गुंडाळायची. डोळे तेवढे उघडे. कारण विचारलं तर धूळ, ऊन, धूर असं काहीही सांगायचं. दीक्षानंही दुकानदाराला सांगितलं, "हायवेला धूळ लई असते." त्यानं मान डोलावली. दोघांनाही ठाऊक होतं, की धुळीसाठी कुणी एवढा वेळ आरशात बघून कापड निवडत नाही.

दीक्षा बी.कॉम. झालेली. वडील नाहीत. आई भागुबाई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची. कॉलेजच्या वयात दीक्षाचा चेहरा स्वच्छ होता, आणि सव्विसाव्या वर्षी हनुवटीवर, जबड्यावर टपोरी, दुखरी मुरुमं आली. सोळाव्या वर्षी आली असती तर लोकांनी त्यांना तारुण्यपीटिका असं गोड नाव दिलं असतं. सव्विसाव्या वर्षी आली म्हणून चौकशी सुरू झाली.

माणसांची एक सवय मी पाहिली आहे. कुणाचा पाय मोडला तर सगळे हळहळतात आणि दवाखान्याचा पत्ता सांगतात. चेहऱ्यावर फोड दिसला की मात्र प्रत्येकजण स्वतःच दवाखाना होतो. शेजारच्या गिताबाई म्हणाल्या, "लिंबू चोळ." लिंबू चोळलं, चेहरा भाजल्यासारखा झाला. गिताबाई म्हणाल्या, "म्हंजी गुण येतोय." कुणी दातांची पेस्ट सांगितली, कुणी कडुलिंब. एकीनं तर "लगीन झालं की आपसूक जातील" असा कायमचा इलाज सांगितला आणि शिवाय मुलगी बघायला आलेल्यांनी मुरुमं बघून नकार दिल्याच्या दोन हकिकतीही सांगितल्या. दोन्ही गोष्टी एकाच दमात. हे सगळं मी तोंडावर बसून ऐकत होतो. बोलता येत नव्हतं, ते बरंच होतं.

मग एका डॉक्टरांनी बेंझॉईल नावाचं काहीतरी असलेलं मलम दिलं. त्यानं फोड थोडे सुकले, गालांची सालं निघाली आणि माझा रंग उडाला. जिथं जिथं मी गालाला टेकायचो तिथं तिथं निळ्याचं आधी तांबूस आणि मग पांढरट झालं. औषधाचा दुष्परिणाम कापडावरही होतो, हे त्या चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं. भागुबाईनं मला साबण लावून तीनदा घासलं आणि बाजारातल्या दुकानदाराला शिव्या दिल्या. पुढं कॅप्सूल आल्या. त्या उपाशीपोटी घेतल्या की छातीत जळजळ व्हायची, आणि उन्हात गेलं की कपाळ लाल. दीक्षानं महिन्याभरात कंटाळून सगळं सोडलं.

याच सुमारास हायवेवरच्या एका कारखान्यात रिसेप्शनची जागा निघाली. वर्षभर काम बघून कायम करणार होते. घरात कायम हा शब्द त्याआधी फक्त मामांच्या बाबतीत वापरला जायचा. नागसेनमामा दौंडला रेल्वेत होते. मुलाखतीच्या आधी दीक्षा हौसरावांच्या मेडिकलमध्ये गेली.

हौसरावांनी मागं न बघता फळीवरून एक ट्यूब काढली. "ही लाव. आठ दिसांत चेहरा अस्सा हुईल, तुझी आयबी वळखायची न्हाई."

"डॉक्टरची चिठ्ठी लागंल ना?"

"चिठ्ठी? आगं, मी काय परका हाय का? तुझ्या आयच्या नायट्याला हीच देतो. समद्या गल्लीला हीच."

ते मात्र खरं होतं. आमच्या गल्लीत ती ट्यूब विरजणासारखी या घरातून त्या घरात जायची. नायट्याला ती, खाजेला ती, भाजलेल्याला ती, आणि लग्न ठरलेल्या मुलीनं गोरं दिसावं म्हणून कोल्ड क्रीममध्ये कालवलेली तीच. कुणाला वाटत नव्हतं की हे औषध आहे. ते गल्लीचं क्रीम होतं.

आठ दिवसांत चेहरा खरोखर बदलला. फोड बसले, कातडी उजळली. मुलाखतीत दीक्षानं चार प्रश्नांची उत्तरं दिली. पाचवा विचारायची साहेबांना गरज वाटली नाही. तिला खुर्ची मिळाली, गळ्यात फोटोचं ओळखपत्र आलं आणि मला रिसेप्शनच्या मागच्या खुंटीवर जागा मिळाली. पाहुणे आले की ती हसून "नमस्कार, बसा" म्हणायची. इतक्या मोकळेपणानं हसताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. माझ्या आयुष्यातले बरे दिवस तेवढेच.

ट्यूबचं वागणं नव्या जावयासारखं होतं. आधी घरात आनंद, मग रोज मान. एक दिवस लावली नाही की संध्याकाळी गाल जळायचे, दोन दिवस राहिली की पहिल्यापेक्षा जास्त फोड. म्हणून परत लावायची. सहा महिन्यांत गालांवर लाल बारीक शिरा दिसायला लागल्या, ओठांवर लव वाढली, आणि मी नुसता हलकेच घासलो तरी कातडीला चुरचुरायचं. मी मऊ झालो होतो, तिची कातडी माझ्याहून मऊ झाली होती.

दिवाळीला नागसेनमामा आले. भाचीकडं बघून म्हणाले, "काय गं, रोज कुणी थोबाडीत मारतंय का?"

"क्रीम लावते मामा."

"क्रीम लावून असं व्हतंय तर न लावून काय व्हतं?"

"त्याहून वाईट," दीक्षा म्हणाली, आणि मामांचं हसू गेलं.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी तिला एस.टी.नं दौंडला बोलावून घेतलं. तिथं कातडीच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ट्यूब हातात घेतली, नाव वाचलं आणि टेबलावर अशी ठेवली जसा एखादा विंचू चिमट्यानं ठेवतात.

"यात स्टेरॉइड आहे. आजपासून बंद. बंद केल्यावर चेहरा आधी बिघडेल. महिना, दोन महिने. घाबरून परत लावायचं नाही. कबूल?"

दीक्षानं कबूल केलं. मग बाईंनी मुरुमांसाठी दुसऱ्या, जोरदार गोळ्यांचं सांगितलं. आधी रक्त तपासायचं, ओठ फुटतील, डोळे कोरडे पडतील. आणि त्यांनी विचारलं, "लग्न ठरलंय का? गोळ्या चालू असताना आणि सोडल्यावर पुढे महिनाभर दिवस राहता कामा नयेत. पोटातल्या बाळाला फार मोठा धोका असतो. नंतर काही अडचण नाही."

नागसेनमामा छताच्या पंख्याकडं एवढं निरखून बघू लागले, जणू तो त्यांनाच दुरुस्त करायचा होता.

चेहरा बिघडला. बाईंनी सांगितलं होतं त्याच्या दुप्पट बिघडला. मी दिवसभर खुंटीवर असायचो, आता कामावरही तोंडावर राहू लागलो, तेव्हा साहेबांनी दीक्षाला आत बोलावलं.

"मॅडम, तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण व्हिजिटर येतात. पहिल्यांदा कुणी दिसतं तर तुम्ही. तुम्ही काही दिवस स्टोअरला बसा. चेहरा नीट झाला की परत या."

रिसेप्शनला ऑफिसातल्याच मोनालीला बसवलं. ती बिचारी डबा खाताना स्टोअरमध्ये आली. "दीक्षा, मी मागितली नव्हती गं खुर्ची."

"तुझी काय चूक? तुझी कातडी चांगली हाय, एवढंच."

स्टोअरची जागा ठेकेदाराकडची होती. कायम व्हायचं असेल तर खुर्ची परत मिळायला हवी होती. दीक्षानं रीतसर अर्ज दिला : मूळ जागेवर परत घेण्याबाबत. पोच घेतली आणि गोळ्या घेत राहिली. ओठ एवढे फुटले की हसलं की रक्त यायचं. स्टोअरमध्ये हसण्यासारखं काही नव्हतं, ही एक सोय झाली. पण नवे फोड येणं हळूहळू कमी होत होतं. मला ते गालावर टेकलं की कळायचं.

घरात मात्र भागुबाईच्या डोक्यात दौंडचं वाक्य अर्धंच पोचलं होतं.

"नागसेना, त्या गोळ्यांनी लेकरूबाळ व्हत न्हाई म्हंत्यात. खरं का?"

"अक्का, तसं न्हाई. गोळी चालू आसती तवर नको, एवढंच. मागनं काय न्हाई."

"पर डॉक्टरीण बोलली तर हाय ना कायतरी!"

"बोलली ते निम्मंच ऐकलं तू."

"आयच्या जिवाला निम्मंच पुरतं," भागुबाई म्हणाली.

एका दुपारी मी दोरीवर वाळत होतो. भागुबाईनं नायट्याची ट्यूब आणली, दीक्षाची डॉक्टरीणबाईंनी दिलेली कोरडेपणावरची क्रीमची डबी उघडली, ट्यूब त्यात पिळली आणि काडीनं कालवली. तिचा हिशेब सरळ होता : चेहरा लवकर साफ झाला की पोरीच्या गोळ्या सुटतील. काडी पुसून तिनं चुलीत टाकली आणि डबीला हात जोडले. दुसऱ्या दिवशी गालाचा वास मला ओळखीचा आला. मेणासारखा, हौसरावांच्या फळीचा.

पंधरा दिवसांत चेहरा झळकायला लागला. दीक्षाला वाटलं, गोळ्यांचा गुण. साहेबांनी बघितलं आणि खूश झाले. "व्हेरी गुड! एक तारखेपासून रिसेप्शनला बसा." दीक्षानं त्या दिवशी मला तोंडाला न बांधता खांद्यावर टाकलं आणि घरापर्यंत स्कूटी तशीच चालवली.

मधे दौंडची तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी चेहरा उजेडाकडं वळवला आणि त्यांचा आवाज बदलला. "तुम्ही परत ते लावताय."

"नाही बाई. शपथ."

"हा रंग गोळ्यांचा नाही. घरात ती ट्यूब कोण वापरतं?"

दीक्षा म्हणाली, "आई."

दौंडच्या स्टँडवर एस.टी.ची वाट बघताना ती मामांना म्हणाली, "एक तारखेपर्यंत लावत राहिले तर खुर्ची मिळंल."

"आन् दोन तारखेला?"

"दोनलाबी लावावं लागंल."

"तीनला?"

मला हातात घेऊन माझे पांढरे डाग ती नखानं खरवडत बसली. गाडी आली तेव्हा म्हणाली, "कायम झाल्यावरबी लावावं लागंल, मामा. रिटायर होईपर्यंत."

घरी आल्यावर तिनं डबी आईसमोर ठेवली.

"काय कालवलंस यात?"

"औषध."

"कुणाचं?"

"माझंच. दुसऱ्या कुणाचं कशाला घालीन?" भागुबाईचा आवाज चढला आणि लगेच बसला. "तुझ्या गोळ्या सुटाव्यात म्हणून केलं बाई. म्या काय तुझं वाईट करणार व्हते व्हय?"

"नव्हतीस," दीक्षा म्हणाली. "म्हणूनच मला कळलं नाही."

डबी तिनं मोरीत धुऊन टाकली. मायलेकी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भागुबाईनं न विचारता भाकरीवर तूप जास्त घातलं आणि दीक्षानं ते खाल्लं.

एक तारीख येईपर्यंत चेहरा पुन्हा पेटला. त्या सकाळी मला वाटलं, आज आपली ड्यूटी मोठी आहे. पण दीक्षानं मला घडी करून स्कूटीच्या डिकीत टाकलं आणि उघड्या तोंडानं साहेबांसमोर गेली. डिकी नीट लागत नव्हती, स्कूटी ऑफिसच्या खिडकीखाली होती, म्हणून मला ऐकू आलं.

"अहो, मागच्या आठवड्यात तर छान होता चेहरा!"

"तेव्हा नकळत चुकीचं औषध लागलं होतं, सर."

"मग लावायचं ना तेच!"

"त्यानं कातडी जाते, सर. खऱ्या उपचाराला अजून काही महिने लागतील. काम मी आजपासून करू शकते. फोन चेहरा बघत नाही."

साहेब थोडं थांबून म्हणाले, "बघू. तुमचा अर्ज आहेच."

पुढची हकिकत थोडक्यात. गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला. चेहरा बराचसा निवळला. जबड्यावर खड्डे आणि गालांवर थोड्या लाल शिरा राहिल्या, त्या जाणार नाहीत असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. वर्षाच्या शेवटी रिसेप्शनची जागा कायम झाली, तेव्हा खुर्चीवर मोनाली होती. हौसरावांचं मेडिकल जोरात चालतं. भागुबाईच्या नायट्यानं आता दौंडच्याच बाईंची चिठ्ठी घेतली आहे, आणि गल्लीतल्या बायका तिला विचारतात, की तुझी ट्यूब संपली का.

मला आता तोंडाला बांधत नाहीत. मला फडकं करून स्कूटीचं सीट पुसतात. जागोजागी विटलो आहे, एक कड उसवली आहे. चेहऱ्याच्या बंदोबस्तावरून सीटच्या कामावर बदली झाली, याबद्दल माझी तक्रार नाही. वाचणाऱ्यांना एवढीच विनंती, की शेजारणीची ट्यूब शेजारणीकडंच राहू द्या, आणि आठ दिवसांत गुण देणाऱ्याला नवव्या दिवसाचं विचारा.

दीक्षा अजून स्टोअरमध्येच आहे, ठेकेदाराच्या हजेरीवर. मूळ जागेवर परत घेण्याबाबतच्या तिच्या अर्जाची तिनं दोनदा चौकशी केली. दोन्ही वेळा अर्ज साहेबांच्या टेबलावर असल्याचं कळवण्यात आलं. त्यावर अद्याप निर्णय झालेला नाही.