ताईचे लाडके परजीवी

नवऱ्याने सोडल्यापासून मी ताईकडे राहते. ताईच्या मुलीच्या, म्हणजे आमच्या पिल्लूच्या खोलीत माझी खाट आहे. पिल्लू लहानपणी पडलं-झडलं की माझ्याकडेच धावायचं, कारण ताई कायम प्रयोगशाळेत. त्याच प्रयोगशाळेत मी काचेची भांडी धुते, घरात फुकट खाते असं कुणी म्हणू नये म्हणून.

ताई हिवतापाच्या परजीवींवर काम करते, त्यातही महाहट्टी जातीवर. हे परजीवी माणसाच्या अंगात मजेत राहतात, पण बाहेर काढून प्रयोगाच्या काचेच्या बशीत ठेवले की मान टाकतात. औषध शोधायचं तर ते बशीत महिनोन्महिने जगायला हवेत, आणि ते अजून कुणाला जमलेलं नाही. ताईने प्रयोगशाळेतल्या सगळ्यांचं रक्त त्यांना घालून पाहिलं. महाराजांना एकाचंही पसंत पडेना. शेवटी भांडीवालीचं घातलं आणि ते जगले.

त्या दिवशी ताईने मला मिठी मारली. मग कारणही सापडलं. हे परजीवी फक्त नुकत्याच जन्मलेल्या तांबड्या पेशींत शिरतात. माझी पाळी तेव्हा थांबत नव्हती, रक्त जात होतं, म्हणून शरीर धडाधड नव्या पेशी बनवत होतं.

"म्हणजे बघ," ताई म्हणाली, "जितकं काढू, तितकं ताजं येईल!"

आणि ती काढत गेली. लोहाच्या गोळ्या स्वतः माझ्या तळहातावर ठेवायची, जेवताना आधी मला वाढायची. "झोप झाली का गं?" असं विचारायची. इतकी वर्षं त्या घरात मला कुणी हे विचारलं नव्हतं. मी खुळी हरखून गेले.

पिल्लू मात्र चिडायचं. "मावशी, आरशात बघ जरा. कागद झालीस नुसती!"

जिना चढताना मी मध्येच बसू लागले. "मोठ्या संस्थेची माणसं परजीवी बघायला येणार आहेत," ताई म्हणाली. "तेवढी कळ काढ."

काढली. आणि भांडी धुताधुता बेसिनपाशीच कोसळले.

डोळे उघडले ते हॉस्पिटलात. डॉक्टर ताईला सांगत होते, "यांच्या अंगात रक्तच उरलेलं नाही. लगेच चढवायला हवं. आता थोडं जरी गेलं तरी हृदय बंद पडेल." ताईचे डोळे भरलेले होते. ती माझा हात कोपरापाशी कुरवाळत होती. मलाही रडू फुटलं. डॉक्टर गेले तशी तिने पर्स उघडली. मला वाटलं, रुमाल काढतेय. तिने मोठी सिरिंज काढली.

"परकं रक्त चढलं की तुझं शरीर नव्या पेशी बनवायचं थांबेल," ती हळूच म्हणाली. "त्याआधी एवढंच. उद्या ती माणसं येतायत. माझे परजीवी उपाशी आहेत गं."

उपाशी! मी इथे मरायला टेकलेय आणि हिला त्यांच्या पोटाची काळजी. दाराशी सिस्टर दिसल्या. होता नव्हता तेवढा आवाज काढून मी म्हणाले, "सिस्टर, रक्त आणा. आत्ता."

सिस्टर पिशवी आणायला गेल्या. ताईने तोंडावर हात दाबून हुंदका दिला. आई गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मरू देत मेले एकदाचे.

ताईने डोळे पुसले. "ठीक आहे. पहिल्यापासून सुरू करू. पिल्लू आता अठराची झाली. रक्तगट तुमचा एकच. काही महिने नेमाने काढलं की तिचंही तुझ्यासारखंच होईल."

"ताई, पोटची पोर आहे तुझी!"

"म्हणून तर. आईला नाही म्हणेल का ती?"

ती मला घाबरवत असती तर शिव्या घातल्या असत्या. पण ती खरंच ठरवत होती. सिरिंज पर्समध्ये परत ठेवायला निघाली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रागही नव्हता. मी हात पुढे केला.

सिस्टर पिशवी घेऊन आल्या तेव्हा ताई निघून गेली होती. माझ्या कोपरावर कापसाचा ओला बोळा होता आणि छातीत काहीतरी अडखळत होतं.

"बहीण कुठे गेली तुमची?" सिस्टरनी विचारलं.

"घरी," मी म्हणाले. "लेकरं उपाशी आहेत तिची."