सव्वीस अंशांचं पाणी

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. माणसांचा ताप मोजणारे माझे भाऊबंद दवाखान्यात असतात; मी समुद्राचा ताप मोजतो. काचेची नळी, तिच्यावर पितळी कवच आणि खाली छोटा पेला. दोरीने पाण्यात सोडायचं, पाच मिनिटांनी पेल्यातल्या पाण्यासकट वर ओढायचं आणि आकडा वाचायचा, एवढंच माझं काम.

समुद्राचा अभ्यास करणाऱ्या पूर्वीताईंनी मला भाट्ये गावच्या रूपेश या मच्छीमाराच्या होडीवर आणलं. चार वर्षं तो मला रोज सकाळी एकाच जागी बुडवत असे. किनाऱ्यावर त्याची आई आवडाबाई विचारी, "किती?" मग ती तो आकडा कॅलेंडरातल्या त्या दिवसाच्या चौकोनात लिही आणि खाली मिळालेली मासळी.

"मावशी," पूर्वीताईंनी तिला एकदा समजावलं, "दूरच्या प्रशांत महासागराचं पाणी काही वर्षांनी तापतं, मग निवतं. ते तापलं की बहुतेकदा आपला पावसाळी वारा मंदावतो. वारा जोरात असला की वरचं ऊन पाणी बाजूला सरतं, खालचं गार पाणी वर येतं. त्यात माशांचं खाणं असतं."

"म्हंजे वाराच मासळीला जेवायला वाढतो," आवडाबाई म्हणाली.

अभ्यास संपवून पूर्वीताई गेल्या. मला मात्र आवडाबाईकडेच ठेवून गेल्या. पुढची दोन वर्षं प्रशांताचं पाणी तापलेलंच राहिलं. इथला पाऊस रखडला, वारा मरगळला. श्रावणातही माझा पारा तिसाखाली उतरेना. थव्याने येणारी तारली मासळी दिसेनाशी झाली. रूपेशने मला चिंध्यांत गुंडाळून इंजिनाच्या पेटीत टाकलं. डिझेलच्या वासात मी वर्षभर पडून होतो. वाईट आकडा सांगितला म्हणून मीच वाईट ठरलो, असं मला वाटे.

यंदा प्रशांताचं पाणी निवलं; इथे वारा जोरात सुटला, पावसाने उसंत दिली नाही. पण रूपेशचं मन उडालं होतं. होडी विकून मुंबईला नोकरी धरायची, असं त्याने ठरवलं. श्रावणात गिऱ्हाईक आलं, होडी चालवून बघायची ठरली. तेवढ्यात आवडाबाईने पेटीतून मला काढलं, पदराने पुसलं आणि ती होडीत चढून बसली. साठ वर्षांत ती कधी होडीतून समुद्रात गेली नव्हती.

ठरल्या जागी तिने स्वतः दोरी सोडली. मला वर ओढून तिने बराच वेळ निरखलं. "सव्वीस," ती म्हणाली.

रूपेशने मला तिच्या हातातून घेऊन पुन्हा वाचलं. सव्वीसच.

"दोन सालं असंच सव्वीस आलं होतं," आवडाबाई म्हणाली. "दोन्ही येळेला पंधरा दिवसांत तारली लागली. लिवलेलं हाय माझ्याकडे. होडी द्यायची नाय."

"आये, आकड्यानं पोट भरतं काय?"

"पंधरा दिस थांब. नाय आली तर मी स्वतः या गिऱ्हाइकाच्या दारात होडीचे कागद घेऊन जाईन."

गिऱ्हाईक चहा पिऊन परतलं. रूपेश चार दिवस आईशी धड बोलला नाही, पण रोज मला बुडवत राहिला. अकराव्या सकाळी, मी पाण्यातच होतो, तेव्हा माझ्याभोवती हजारो चंदेरी अंगं घुसळू लागली. वर पक्ष्यांचा गलका उठला. रूपेशने जाळं टाकलं, आणि ते ओढायला शेजारच्या होडीतले दोघे बोलवावे लागले. परतताना होडी काठापर्यंत पाण्यात दबली होती. तारलीच्या राशीवर, ओल्या फडक्यात, त्याने मला मानाने ठेवलं होतं.

मित्रांनो, आता भाट्याचे तांडेल, म्हणजे होड्यांचे म्होरके, समुद्रावर निघण्याआधी आवडाबाईच्या दारात थांबून विचारतात, "किती?" माझी एकच विनंती आहे. मला धुवा, पुसा, जपा. पण आकडा आवडला नाही म्हणून मोजणं सोडू नका. एका दिवसाच्या आकड्याने समुद्र कळत नाही. वर्षानुवर्षं लिहीत राहिलात, तर तो स्वतःच बोलू लागतो.