पोळ्याच्या दिवशीचं जू

सन अठ्ठेचाळीसचा पोळा. चुडाव्याजवळच्या एका गावचा पाटील किशनराव हा पंचक्रोशीतला सगळ्यात भित्रा माणूस होता. हे फक्त त्याच्या बायकोला, बायनाबाईला ठाऊक होतं. गाव त्याच्या भीतीला दूरदृष्टी म्हणायचं.

रझाकारांनी शेजारचं गाव जाळल्यापासून पाटलाचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. नुसतं जागून करायचं काय, म्हणून त्यानं गावातल्या सगळ्या गाड्यांना वंगण घालून घेतलं, ज्वारीची पोती शिवून ठेवली, कोणती म्हातारी कोणत्या गाडीत तेही ठरवलं. ताडकळसला आसपासची गावं जमली होती. तिथवर पोचलं की जीव वाचला.

पोळ्याच्या सकाळीच खबर आली, दुपारी टोळी येणार. पाराचा कट्टा घट्ट धरून किशनरावानं हुकूम सोडला, "गाड्या जुपा."

कुणी हललं नाही. बैल धुतलेले, शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली.

"पाटील, आज पोळा हाय," म्हातारा आश्रुबा म्हणाला. "काल खांदे मळून जेवायचं आवतण दिलंय बैलान्ला. बोलावल्याल्या पाव्हण्याला कामाला जुपू का?"

भीतीनं किशनरावाला सगळं सुचवलं होतं, एवढंच सुचवलं नव्हतं.

"पळायचं कशाला?" गावातला तरणा दत्तराव बंदूक घेऊन पुढं आला. "आमी वेशीत उभं ऱ्हातो."

"गोळ्या हायत का?" किशनरावानं विचारलं.

"न्हाईत. पर लांबून लय भारी दिसती."

किशनरावानं पटका सोडून बायकोच्या हातात दिला, पहिल्या गाडीपाशी गेला आणि जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. दुसरी बाजू जमिनीला टेकलेली. बायनाबाईनं पटका गाडीत टाकला, पदर खोचला आणि ती बाजू उचलली.

सारं गाव बघत राहिलं. दत्तरावानं बंदूक गाडीत ठेवली.

"सरका वैनी." जुवाखाली शिरून तो हळूच म्हणाला, "पाटील, भ्यालात व्हय?"

"लय भ्यालो. थांबलो तर खालीच बसंन. वढ."

मग दुसरी गाडी हलली, तिसरी हलली. माणसं गाड्या ओढायली आणि झुली घातलेले बैल मागून रिकामे चालायले. बायका चालता चालता त्यांना पुरणपोळी चारत होत्या. आवतण मोडलं नाही.

ओढ्याच्या चढावर कुणीतरी म्हणालं, मागं धूळ दिसायलीय.

किशनरावानं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय तिथंच रुतले असते. खांदा सोलवटला होता, तो त्यानं जुवाला आणखी रेटला. "वढा," तो म्हणाला. चढ संपला, तरी म्हणतच राहिला.

मागच्या गाडीत आश्रुबा शेजारणीला सांगत होता, "बघ, आपल्या पाटलाला मागं बघायचीबी गरज पडत न्हाई."