कपाट चौथ्या मजल्यावर

चौथ्या मजल्याच्या बाल्कनीपर्यंत कपाट दोरांवर छान चढलं आणि तिथेच अडलं. आडवं करून पाहिलं, तिरपं करून पाहिलं, वरच्या दोघांनी शिव्या देऊन पाहिल्या. बाल्कनीचं दार अरुंद, आणि जिना तर त्याहून अरुंद. लग्न चार दिवसांवर आलेलं, नवरा-नवरीच्या नव्या घरी सामान पोचवायचा दिवस, सगळी गल्ली गच्च्यांवर उभी. नवरीकडच्या बायकांनी जीभ हलवून काढलेले आनंदाचे सूर मध्येच थांबले.

खाली ट्रकजवळ रिफअत लॅपटॉपची पिशवी काखेत धरून उभा होता. कपाटाचं चित्र त्याचं होतं. फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेल्या आमच्या दुम्यात शहरात दर घराआड एक सुतारकामाचा कारखाना आहे, आणि मशीनला समजेल असं चित्र कॉम्प्युटरवर काढून देणारे रिफअतसारखे पाचसात जण या कारखान्यातून त्या कारखान्यात हिंडत असतात. लोक त्यांना इंजिनियर म्हणतात, चहा पाजतात आणि काम संपलं की विसरतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी रिफअतला या हिंडण्याचा मनापासून कंटाळा आला होता. गुडघेही कुरकुरत होते.

म्हणून तर हे कपाट बनवणाऱ्या कारखान्याचे मालक हाजी शिर्बीनींनी रमजानमध्ये शब्द दिला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हा बेडरूमचा सेट एकदा पोचला की कारखान्याच्या ऑफिसात कायमची जागा, महिन्याचा पगार, विमा. बायकोने, इन्शिराहने, ही बातमी बहिणीला सांगूनही टाकली होती.

रिफअतने कपाट आधी दोन भागांत काढलं होतं, सगळे काढतात तसंच. पण हाजींचा मुलगा हैथम याने नवं मोठं मशीन आणलेलं. त्याला दर्शनी बाजूवर द्राक्षाची वेल या टोकापासून त्या टोकापर्यंत हवी होती, मध्ये सांधा दिसता कामा नये. रिफअतने त्याला हाजींसमोरच विचारलं होतं की कपाट काय कारखान्यातच ठेवायचंय का, आणि त्या घराची बाल्कनी कुणी मोजलीय का. हैथम हसून म्हणाला, "काका, तुम्ही चित्र काढा. बाल्कनीचं आम्ही बघतो." रिफअतने चित्र बदललं.

आता नवऱ्याचे वडील, महरानसाहेब, कस्टममधून निवृत्त झालेले, आवाज मात्र अजून नोकरीतलाच, हाजींपुढे येऊन उभे राहिले.

"हे डोकं कुणाचं?"

हैथम मोबाइलमध्ये बघू लागला. हाजींनी रिफअतकडे पाहिलं. त्या बघण्यात हुकूम नव्हता, विनवणीच होती.

रिफअतसारखा बाहेरचा सल्लागार कशाला ठेवतात, हे आमच्याकडे कुणी मोठ्याने बोलत नाही. चित्र काढणं हे झालं वरवरचं काम. पण घरात चूक झाली की ती उचलून बाहेर नेणारा एक माणूस लागतो, आणि तो घरचा असून चालत नाही. कारखाना उद्या हैथमच्या हाती जायचा. भर रस्त्यात त्याची अब्रू गेली तर गिऱ्हाईक उभं राहणार नाही. हे रिफअतला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"चित्र माझं आहे," तो म्हणाला. "मी मोजायला हवं होतं."

मग महरानसाहेबांनी सगळ्या गच्च्यांना ऐकू जाईल असं त्याला सुनावलं. या वयात लोक नातवंडं सांभाळतात, म्हणाले. रिफअतने मान खाली घालून ऐकून घेतलं. त्याला राग आला नाही, फक्त कुठेतरी बसावंसं वाटलं.

तो पायरीवर बसला आणि मांडीवर लॅपटॉप उघडला. वेलीचे दोन घड जिथे जवळ येतात, तिथून करवत नेली तर सांधा पानाआड जाईल, असं त्याने शोधून काढलं. कपाट खाली घेतलं. उस्ताद अवदने रस्त्यातच ते कापलं, दोन्हीकडे आतून फळ्या ठोकल्या. दोन्ही भाग वर चढले, दारातून आत गेले. बायकांचे सूर पुन्हा सुरू झाले, सरबत फिरलं. रिफअतपर्यंतही एक पेला आला.

हाजींनी त्याला ट्रकच्या मागे नेलं.

"रिफअतसाहेब, आज तुम्ही माझ्या घराची लाज राखलीत. विसरणार नाही."

"आणि ती जागा, हाजी?"

हाजींनी घाम पुसला. "आता कसं जमणार, तुम्हीच सांगा. महरान गावभर सांगत सुटणार. उद्या तो ऑफिसात आला आणि तुम्हीच समोर बसलेले दिसलात, तर मी काय तोंड दाखवू?"

"खरं आहे," रिफअत म्हणाला. खरंच होतं ते.

तो मायक्रोबसच्या दिशेने निघाला, तेवढ्यात हैथम धावत आला. त्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी शहाणपण दिसत होतं.

"काका, तो पानाआडचा सांधा एकदम झकास झाला. पुढची सगळी कपाटं तशीच काढू म्हणतो. ती फाइल देता का पाठवून? आत्ताच द्या, नंतर राहून जाईल."

रिफअतने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग रस्त्याकडेच्या कट्ट्यावर गुडघा धरून सावकाश बसला आणि पिशवीची चेन उघडली. फाइल मोठी होती, जायला वेळ लागत होता. तेवढ्या वेळात इन्शिराहचा फोन दोनदा वाजला. त्याने तो उचलला नाही.